मदत हवी आहे: एफटीपीला लॉगिन होतं, पण फोल्डर उघडत नाही

मालवणात आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम कोल्हापूरच्या एका लॅबला एफटीपीने (नेटवरून फाइली पाठवायची पद्धत) पाठवतो. सर्व्हर लॅबमध्येच आहे, पुढे फायरवॉल (बाहेरून येणारी कनेक्शनं अडवणारा). तुळशीचं लग्न लागलं, मुहूर्त सुरू झाले आणि नेमकं आताच हे बंद पडलंय.

फाइलझिला या एफटीपी प्रोग्राममध्ये पासवर्ड स्वीकारला जातो, मग 'एमएलएसडी'वर (फोल्डरची यादी मागणारी कमांड) अडतं आणि २० सेकंदांनी 'कनेक्शन टाइम्ड आउट'. एवढीशी टेक्स्ट फाइलही जात नाही, म्हणजे साइजचा प्रश्न नाही. पॅसिव्ह मोड आहे, म्हणजे फाइलींचं कनेक्शनही माझ्याकडूनच सर्व्हरकडे जातं. ॲक्टिव्हही करून पाहिला. मोबाइल हॉटस्पॉटवरूनही तेच. (हायवेच्या कामात केबल तुटली असेल, हे इथे कुणीही सांगतं. नाही तुटली, यूट्यूब मस्त चालतंय.) लॅबमधल्या मशीनवर फोल्डर लगेच उघडतं, म्हणून ते म्हणतात प्रॉब्लेम तुमच्याकडेच.

लॉगमधली ही ओळ खटकली: '२२७ एंटरिंग पॅसिव्ह मोड (१९२,१६८,१,२०,१९५,८०)'. जुन्या लॉगमध्ये याच जागी लॅबचा बाहेरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) दिसायचा. मध्यंतरी त्यांनी टीएलएस (एन्क्रिप्शन) सक्तीचं केलंय. त्याचा संबंध असेल का? त्यांना नेमकं काय सांगू? पेन ड्राइव्ह एसटी पार्सलने पाठवून वैतागलोय.

प्रतिसाद:
संबंध आहेच. लॉगिन सर्व्हरच्या २१ नंबरच्या पोर्टवर (कनेक्शन आत यायचं दार) होतं, पण यादी आणि फाइली दुसऱ्या कनेक्शनने येतात-जातात. त्याचा पत्ता त्याच २२७ च्या ओळीत असतो. शेवटचे दोन आकडे बघा: १९५ × २५६ + ८० = ५००००, हे पोर्ट. साध्या एफटीपीत बरेच फायरवॉल ती ओळ वाचून आतला आयपी बदलतात आणि तेवढ्यापुरतं पोर्ट उघडतात. टीएलएस लागलं की ओळ एन्क्रिप्ट होते, फायरवॉल आंधळा. चुकीचा आयपी फाइलझिला सांभाळून घेतं, पण त्यांच्याकडचं बंद पोर्ट तुमच्याकडून कसं उघडणार?

लॅबला सांगा, सर्व्हरमध्ये पॅसिव्ह पोर्टची रेंज ठरवा, समजा ५०००० ते ५०१००. तीच फायरवॉलमधून सर्व्हरकडे फॉरवर्ड करा आणि सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बाहेरचा आयपी भरा. "२० नंबरचं पोर्ट उघडलंय की" म्हणतील. पॅसिव्हला त्याचा उपयोग नाही. तपासायचं तर बाहेरच्या नेटवरून, लॅबच्या आतून तपासलं तर फायरवॉल वाटेत येतच नाही. टीएलएस काढतो म्हणाले तर मात्र नको म्हणा, पासवर्ड उघडा जाईल. मी असतो तर सरळ एसएफटीपी (फाइली पाठवायची वेगळी, एन्क्रिप्टेड पद्धत) मागितलं असतं, सगळं २२ नंबरच्या एकाच कनेक्शनवर.

धागाकर्ता:
दादा, आभारी आहे. लॅबवाल्यांना फोन केला. शंभर पोर्ट उघडायला घाबरतायत. कमी चालतील का?

प्रतिसाद:
चालतील. एकेका ट्रान्सफरला एक पोर्ट लागतं. सगळ्या स्टुडिओंचे मिळून एका वेळी किती ट्रान्सफर चालतात ते विचारा आणि त्याहून थोडी जास्त पोर्ट ठेवायला सांगा. सीझनमध्ये पोर्ट कमी पडली, तर अधूनमधून फोल्डर अडेल आणि तुम्ही परत इथेच याल.