ट्रॉयचे युद्ध प्रत्यक्ष घडले, असे म्हणण्याइतका पुरावा आहे का?

चर्चाप्रस्ताव

तुर्कस्तानातील हिसार्लिकच्या टेकडीत ट्रॉय सापडले, त्याअर्थी होमर या ग्रीक कवीच्या इलियड या महाकाव्यातले युद्धही झालेच असणार, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. मला तो मान्य नाही. नगर खरे निघाले म्हणून त्याच्याभोवती रचलेली कथा खरी ठरत नाही. जर्मन उत्खननकर्ता हाइनरिक श्लीमानने होमरवर भिस्त ठेवून टेकडीच्या पोटात प्रचंड चर खणला आणि १८७३ मध्ये हाती लागलेल्या सोन्याच्या ऐवजाला, इलियडमधल्या ट्रॉयच्या राजावरून, ‘प्रायमचा खजिना’ असे नाव दिले. पुढे तो ऐवज युद्धाच्या परंपरागत काळापेक्षा (इ. स. पू. १२०० च्या सुमारास) हजारहून अधिक वर्षे जुना असल्याचे सिद्ध झाले. दरम्यान, ज्या वरच्या थरांत खरा शोध घ्यायला हवा होता, त्यांचा बराच भाग त्याच चरात नष्ट झाला होता.

काव्याची अंतर्गत साक्षही इतिहासाच्या बाजूने ठामपणे उभी राहत नाही. मायसीनी काळातील, म्हणजे कांस्ययुगाच्या उत्तरार्धातील, ग्रीक मृतांना प्रामुख्याने पुरत असत; इलियडमध्ये मात्र पॅट्रोक्लस या ग्रीक वीराची चिता रचली जाते, सकाळी ती मद्याने विझवली जाते आणि अस्थी सोन्याच्या पात्रात ठेवल्या जातात. रथ बहुतेक वेळा वीराला रणांगणावर नेऊन सोडण्यापुरतेच उरले आहेत. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारास आकाराला आलेल्या या काव्यात मधल्या कित्येक पिढ्यांच्या चालीरीती एकजीव झाल्या आहेत, आणि त्यांतून एखादी विशिष्ट घटना वेगळी काढण्याचे साधन आपल्यापाशी नाही.

प्रतिसाद १

श्लीमानच्या उतावीळपणाची शिक्षा आपण होमरला देत आहात. आजच्या तुर्कस्तानात त्या काळी राज्य करणाऱ्या हिटाइटांच्या दप्तरातील मातीच्या पाट्यांचा आपल्या मांडणीत उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटते. इ. स. पू. १२८० च्या सुमारास हिटाइट राजा दुसरा मुवाताल्ली याने विलुसा येथील अलाक्सांदू नावाच्या राजाशी तह केला. विलुसा म्हणजेच होमरचे इलिऑस, अर्थात ट्रॉय, हे बहुतेक अभ्यासक आज मान्य करतात, आणि इलियडमध्ये हेलनला पळवून नेणाऱ्या ट्रॉयच्या राजपुत्राचे, पॅरिसचे, दुसरे नाव अलेक्झांड्रॉस आहे. त्यानंतरच्या एका पत्रात हिटाइट राजा अहियावाच्या, म्हणजे बहुधा ग्रीकांच्या, राजाला विलुसावरून झालेल्या आणि आता मिटलेल्या वैराची आठवण देतो. शिवाय, इ. स. पू. ११८० च्या सुमारास जळालेल्या वस्तीत पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगनला तटाच्या आत दाटीवाटीने बांधलेली घरे आणि जमिनीत पुरलेले साठवणीचे रांजण आढळले. वेढ्याच्या भीतीने जगणारे नगर याहून वेगळे काय असणार?

इलियडच्या दहाव्या सर्गातील ग्रीक वीर ओडिसियसचे शिरस्त्राणही पाहावे. आत चामड्याच्या पट्ट्यांची घट्ट वीण, मध्ये नमद्याचे अस्तर आणि बाहेर रानडुकराच्या सुळ्यांची दाट मांडणी, असे त्याचे वर्णन आहे. अशी शिरस्त्राणे मायसीनी थडग्यांत सापडली आहेत आणि होमरच्या कितीतरी आधी ती वापरातून गेली होती.

प्रतिसाद २

शिरस्त्राणाचा दाखला उत्तम आहे. परंतु तो दहावा सर्गच मागाहून जोडला गेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. एखादी वस्तू गायकांच्या ठरीव पदावलीत शतकानुशतके टिकू शकते. त्यावरून ती कोणत्या मोहिमेत वापरली गेली, हे कळत नाही.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

हिटाइट पत्राचे महत्त्व मी नाकारत नाही. विलुसावरून तंटा झाला, हे त्यावरून दिसते. परंतु अलाक्सांदूचा तह आणि नगर जळणे यांत सुमारे शंभर वर्षांचे अंतर आहे, आग कोणी लावली हे कोणतीही पाटी सांगत नाही, आणि अलाक्सांदू तर हिटाइटांचा मांडलिक म्हणून समोर येतो, परस्त्री पळवणारा राजपुत्र म्हणून नव्हे. हे सुटे दुवे आपण होमरच्या कथेनेच सांधतो आणि मग त्या सांधलेल्या चित्राला होमरचा पुरावा म्हणतो. थ्युसिडिडीजसारख्या चिकित्सक प्राचीन ग्रीक इतिहासकारानेही युद्ध झालेच, हे गृहीत धरले आणि कवीने आकडे फुगवले असतील एवढ्यावरच भागवले. अतिशयोक्ती वजा केल्यावर जे उरते ते आपोआप इतिहास ठरते, ही समजूत तेव्हापासून आजतागायत चालत आली आहे.

प्रतिसाद १

आपण मागता तसा पुरावा त्या काळातील फारच थोड्या युद्धांना देता येईल. होमरच्या काळी मायसीनी हे वैभव गमावलेले लहानसे गाव होते, तरीही काव्यात तेथील राजा शंभर जहाजे घेऊन सर्वांचे नेतृत्व करतो. काव्यातला वृद्ध राजा नेस्टर याचे पायलॉस होमरच्या काळाच्या चारशेहून अधिक वर्षांपूर्वी जळाले होते, तरी तेही राज्य म्हणून उभे आहे. सत्ताकेंद्रांची इतकी जुनी आठवण ज्या परंपरेने जपली, तिने या नगरावर झालेला एखादा खरा हल्लाही लक्षात ठेवला असावा, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. हेलन आणि दहा वर्षांचा कालावधी मी खुशाल कवीच्या पदरात टाकतो. हल्ला मात्र टाकणार नाही.