पाटी रंगवणाऱ्याचा प्रश्न: हजार वर्षांपूर्वी ओळी सरळ कशा यायच्या? आणि सोनं काळं का पडलं नाही?

जुनाब्रश:
राम राम मंडळी. मी सांगलीचा, साइनबोर्ड पेंटर. एकोणतीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, फ्लेक्स आला तसं काम आटलं. सध्या मुलाकडे डब्लिनला आहे. इथल्या किल्ल्याच्या आवारात चेस्टर बीटी नावाचं संग्रहालय आहे. तिकीट नाही आणि बाहेर कायम पाऊस, त्यामुळे माझा मुक्काम तिथेच असतो. अरबी मला ओ की ठो कळत नाही, पण अक्षर कळतं.

त्यांच्या संग्रहात इब्न अल-बव्वाब नावाच्या माणसाने बगदादला लिहिलेलं कुराण आहे. हिजरी ३९१, म्हणजे इ.स. १०००-१००१. मुलाने त्याची पानं वेबसाइटवर मोठी करून दाखवली. पुस्तक जेमतेम साडेसतरा सेंटिमीटर उंच, डायरीएवढं. पानावर पंधरा ओळी, आणि एकही ओळ हललेली नाही.

आता विचारतो. मी पाटीवर खडू लावलेली दोरी ताणून टिचकी मारतो, काम झालं की फडक्याने पुसतो. यांनी रेघ मारली कशी आणि पुसली कशी?

दुसरं, सोनं. एका देवळाच्या पाटीसाठी मी सोनेरी पावडर वार्निशमध्ये कालवली होती. दुसऱ्या पावसाळ्यात अक्षरं हिरवट काळी. विश्वस्तांनी शिल्लक पैसे दिले नाहीत, आणि मला मागायचं तोंडही नव्हतं. यांचं हजार वर्षांनी पिवळं धमक कसं?

तिरपागडा:
पेन्सिलने रेघा मारून नंतर खोडल्या असतील, त्यात काय एवढं.

शाईदौत:
@तिरपागडा, ग्रॅफाइटची पेन्सिल सोळाव्या शतकातली. पाचशे वर्षं थांबावं लागलं असतं बगदादवाल्यांना.

काका, उत्तर तुम्हीच दिलंय: दोरी. माझे आजोबा उर्दू छापखान्यात कातिब, म्हणजे हाताने मजकूर लिहिणारे, होते, त्यांच्याकडे ही वस्तू मी लहानपणी हाताळली आहे. तिला मिस्तर म्हणतात. जाड पुठ्ठ्यावर ओळींच्या अंतराने दोरे ताणून ओवायचे. वर कोरा कागद ठेवून अंगठ्याने प्रत्येक दोऱ्यावरून दाबत जायचं. कागदावर वळ उठतो. शाई नाही, म्हणून पुसणंही नाही. कागदावरच्या हस्तलिखितांत शतकानुशतकं हीच रीत होती. पान तिरप्या उजेडात धरलं तर कधी कधी तो वळ अजून दिसतो.

कागदही दुकानातून आणला आणि लिहिला असं नव्हतं. आधी खळ चढवायची, वाळवायची, मग गुळगुळीत दगडाने घोटायचा. नाहीतर बोरू अडकतो आणि शाई फुटते.

अक्षराच्या मापाबद्दलही सांगतो. बगदादचा वजीर इब्न मुक्ला (मृत्यू इ.स. ९४०) याच्या नावावर ही पद्धत आहे. कलमाचं टोक टेकवलं की पत्त्यांतल्या चौकटसारखा ठिपका उमटतो, तो नुक्ता. अलिफ, म्हणजे पहिलं उभं अक्षर, किती नुक्ते उंच ते ठरवायचं, बाकीची अक्षरं त्या हिशोबात बसवायची. कलमाची रुंदी बदलली तरी प्रमाण मोडत नाही. (राजकारणात या बिचाऱ्याचा उजवा हात तोडला गेला.)

जुनाब्रश:
आम्हीही ब्रशच्या रुंदीवरच माप घेतो! उस्तादांनी शिकवलं होतं, पण ते त्यांचंच डोकं असं मी समजत होतो.

वर्खवाली:
सोनाराच्या घरची आहे, म्हणून दुसरं उत्तर माझं. काका, तुमच्या पावडरीत सोनं नव्हतंच. ती पितळेची भुकटी, म्हणजे तांबं आणि जस्त. ओल लागली की हिरवी होणारच.

यांचं सोनं खरं. वर्ख घ्यायचा, डिंकाच्या पाण्यात बोटाने खलायचा, अगदी कंटाळा येईपर्यंत. मग भरपूर पाण्यात ढवळून ठेवायचं, सोनं तळाला बसतं, वरचं पाणी हलक्या हाताने ओतून द्यायचं. उरतं ते रंगासारखं लावता येतं. लावल्यावर ते चक्क मातकट दिसतं, आणि नवशिका तिथेच खचतो. वाळल्यावर अकीकाच्या दगडाने घासलं की उजळतं. आमच्याकडे झिलईला अकीकच वापरायचे.

कैरोला इ.स. १३०४ ते १३०६ मध्ये बैबर्ससाठी (हा पुढे तिथला सुलतान झाला) केलेलं सात खंडांचं कुराण लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. सगळा मजकूर सोन्यात, अक्षरांना बारीक काळी कड. किती वर्ख खलला असेल, विचार करूनच माझी बोटं दुखतात.

शाईदौत:
काका, एक राहिलंच. बव्वाब म्हणजे दरवान. हा दरवानाचा मुलगा, आणि सुरुवातीला घरं रंगवायचा. मग पुस्तकं सजवू लागला, लिहिणं त्यानंतर. या कुराणातलं लिखाण आणि नक्षी दोन्ही त्याचीच.

त्याची एक हकिकत याकूत अल-हमवी या जुन्या चरित्रकाराने नोंदवली आहे. इब्न अल-बव्वाब शिराझला बहा अल-दौला या राजाचा ग्रंथपाल होता. तिथे इब्न मुक्लाच्या हातच्या कुराणाचे तीसपैकी एकोणतीस भाग सापडले, एक हरवलेला. हा म्हणाला, मी लिहितो, पण ओळखता आलं नाही तर मानाचा पोशाख आणि शंभर दिनार. जुना कागद शोधला, लिहिलं, सोनं मुद्दाम जुनं दिसेल असं केलं. एका जुन्या भागाची बांधणी उतरवून आपल्या भागाला चढवली, आणि त्या भागाला नवी बांधणी करून तीही जुनाट केली. वर्षाने मालकाने तिसाच्या तीस चाळले, ओळखता आलं नाही. पोशाख आणि दिनार मात्र लांबणीवर पडत गेले. शेवटी याने ग्रंथालयात पडून असलेला कोरा चिनी कागद मागून घेतला, आणि कित्येक वर्षं त्यावर लिहीत राहिला.

जुनाब्रश:
म्हणजे बिल बुडवणारं गिऱ्हाईक तेव्हाही होतं. पण मागून घेतला तो कागद! घरं रंगवणाराच तो, शंका नाही.

काल सूनबाईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर सात ओळी ओवल्या. वळ झकास उठला. प्रिंटरचा कागद मात्र घोटलेला नव्हता, शाई माशीच्या पायांसारखी पसरली. आज मैद्याची खळ शिजवली आहे. घोटायला समुद्रावरून गोटा आणलाय. सोन्याचं नंतर बघू, आधी सूनबाईला मैद्याचं काय सांगायचं ते सुचवा.