यंत्र खोटं पकडत नाही, पण...

'सराईत गुन्हेगार सोडला तर पॉलिग्राफ (खोटं पकडायचं यंत्र) बहुतेकांचं खोटं पकडतोच' असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. यंत्र टिपतं श्वास, रक्तदाब आणि तळहाताचा घाम. 'खून तू केलास का?' म्हटल्यावर निरपराध माणसाचीही छाती धडधडणारच की! उलट अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेत राहून सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणारा आल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्यांतून सुटला.

पण या चर्चेत एक गोष्ट राहून जाते. डेव्हिड लिकन या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली वेगळीच पद्धत मांडली, तिच्यात खोटं शोधायचंच नसतं, फक्त ओळख शोधायची. समजा, चोरीला गेलेलं पाकीट तपकिरी होतं. संशयिताला सावकाश एकेक रंग ऐकवायचा: पिवळं? काळं? निळं? तपकिरी? हिरवं? राखाडी? पहिल्या शब्दाला कुणीही दचकतो, म्हणून तो मोजायचाच नाही. उरलेल्या पाचांत निरपराध माणसाला सगळे रंग सारखेच. असे सहा प्रश्न विचारले आणि दर वेळी नेमक्या खऱ्या तपशिलालाच सर्वांत जास्त घाम फुटला, तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता १५,६२५ मध्ये एक! विचारणाऱ्यालाही खरं उत्तर ठाऊक नसलेलं बरं, नाहीतर आवाजच चुगली करतो. जपानचे पोलीस ही पद्धत नियमित वापरतात. मेख एवढीच, की पाकिटाचा रंग एकदा पेपरात छापून आला की तो प्रश्न बाद.