हैदराबादची छपाई विसरू नका

हदीसचं, म्हणजे पैगंबर मुहम्मदांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदींचं संशोधन हे युरोपातल्या विद्यापीठांचं काम, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. गोल्डत्सिहर (१८९०) आणि शाख्त (१९५०) या युरोपीय अभ्यासकांचे ग्रंथ मोठेच. बऱ्याच हदीस उशिरा रचल्या गेल्या, हा वाद त्यांच्यामुळेच पेटला. पण त्याला सविस्तर उत्तर दिलं ते उत्तर प्रदेशातल्या मऊच्या मुहम्मद मुस्तफा आझमींनी, १९६६ च्या केंब्रिजच्या प्रबंधातून. हदीस लिहून ठेवण्याची रीत फार आधीपासूनची, हे त्यांचं म्हणणं.

आणि आपल्या सोलापूरहून काही तासांवरचं हैदराबाद? तिथल्या १८८८ साली निघालेल्या दाइरतुल मआरिफ या प्रकाशन संस्थेनं बैहकींचं ‘सुनन’, म्हणजे त्यांचा हदीससंग्रह, दहा खंडांत छापलं. हस्तलिखितं ताडून पाहायची, मग छापायची, असं ते चिकाटीचं काम.

आता इस्नाद, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं ती साखळी, संगणकावर तपासतात. इंडोनेशियातून रोजच्या जगण्यातल्या हदीसवर भरपूर लेख येतात. मराठीत हे जवळपास पोचतच नाही, याचं फार वाईट वाटतं. सोलापुरात विजापूर वेशीकडे उर्दू आणि मराठी दोन्ही सहज वाचणारी मुलं आहेत. त्यांच्यापैकी कोणी हैदराबादच्या छपाईवर पीएचडीला विषय घेत असेल, तर जरूर कळवा. मी लागेल ती मदत करीन.