समुपदेशकाने ऐकायचं कोणाचं: लेकराचं की आणणाऱ्याचं?

लातूरची_समुपदेशक
मध्यंतरी एक वडील बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन आले. "ह्याला मुलगीच नको म्हणतो. दिवाळीनंतर पाहुणे यायलेत, तेवढ्यात नीट करा." फाईलमध्ये मेंदूचा स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट आणि अंगाऱ्याची पुडी. मी वडिलांना बाहेर बसवलं आणि मुलाला विचारलं, तुला कशावर बोलायचंय? म्हणाला, झोप येत नाही. मग झोपेवरच बोललो. मुलगे आवडतात हे त्याने पुढे कधीतरी सांगितलं.

एम.ए.ला आम्ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स पाठ केला होता: समोरच्याला विनाअट स्वीकारा, त्याच्या जागेवरून समजून घ्या, स्वतः खरे राहा. त्याच वर्गात समलैंगिकता विकृतींच्या धड्यात होती, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच ती आजारांच्या यादीतून काढलेली असूनही. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. आलेल्या माणसाला सल्ला द्यायला नातेवाईक पुरेसे असतात, समुपदेशक तरी त्याचा असावा, असं माझं ठाम मत आहे. वडील मात्र चिडले: पैसे आम्ही देतो, बाजू त्याची घेता. तुम्हाला काय वाटतं?

परभणीचा_शेतकरी
ताई, राग मानू नका. खोलीत तुम्ही धीर देता, पण संध्याकाळच्या एसटीनं तो गावाकडंच जातो ना? तिथं भावकी आहे, जमीन बापाच्या नावावर आहे. घराबाहेर काढलं तर पोरगं राहील कुठं? पुण्या-मुंबईचं वेगळं. बापाला समजावल्याबिगर हे सगळं हवेतलं आहे.

लातूरची_समुपदेशक
दादा, म्हणूनच मी कोणालाच "घरी सांगून टाक" म्हणत नाही. कधी, कोणाला, सांगायचं की नाही, तोच ठरवतो. घरचा अंदाज त्याला माझ्यापेक्षा जास्त. आम्ही बघितलं ते हे: पाहुण्यांना तूर्त काय कारण द्यायचं, आधी नोकरी कशी लागेल, मावशी कितपत ऐकून घेईल. वडिलांनाही वेगळी वेळ दिली. मुलाचं बोलणं तेवढं सांगितलं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार गोपनीयता त्याचा हक्क आहे.

गुरुजी_नांदेड
मुलं म्हणतील त्याला हो म्हणायला शिक्षण कशाला लागतं? ताप आलेल्याला डॉक्टर "तुला काय हवं" विचारत बसत नाही. आणि हे बदलतं असं सांगणारे डॉक्टरही आहेत.

मनोविकार_डॉक्टर
गुरुजी, तसे "उपचार" करणं आता गुन्ह्यासारखंच धरा. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पण ताईंशीही माझा वाद आहे. जेवण सुटलं, जीव नकोसा झाला, अशा वेळी पेशंटच्या मर्जीवर थांबता येत नाही. औषध लागतं, घरच्यांना लक्ष ठेवायला सांगावं लागतं.

लातूरची_समुपदेशक
मान्य, जिवाचा प्रश्न आला की घरच्यांना बोलवावंच लागतं. फक्त आधी त्याला सांगते: जिवाची काळजी वाटते एवढंच बोलणार, बाकी तुझं तुझ्याकडे. गुरुजी, मी हो ला हो करत नाही. याच मुलाची दारू वाढली तेव्हा तोंडावर सांगितलं.

आशाताई_धाराशिव
तुमच्याकडं निदान खोली आहे. आमच्याकडं झोप येत नाही म्हणलं की आधी देवऋषी, मग मेडिकलवाल्याची गोळी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मी बायकांना पाठ करून दिलाय. पण घरात फोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात. सुनेनं बोलायचं कुठून?

लातूरची_समुपदेशक
ताई, उपकेंद्रात दुपारी एखादी खोली रिकामी असते का? मी महिन्यातून एकदा येऊ शकते.

आशाताई_धाराशिव
लसीकरणाचा दिवस सोडून असते. दाराला आतून कडी नाही, बसवून घेते.

परभणीचा_शेतकरी
कडी बसवा, पण सासूला आधी विश्वासात घ्या. बंद दाराआड सून काय बोलली, हे गावात पहिल्याच दिवशी विचारतील. माझं म्हणणं अजून तेच आहे.