शब्दचर्चा: बोर्ड 'उठलं', 'चालू पडलं' की 'चालतं'?

सोल्डरवाला (मकरपुरा, बडोदे):
मंडळी, एका शब्दापायी आमचे दोन दिवस गेलेत, म्हणून इथे विचारतोय. जीआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, कंट्रोलर बनवतो. नवी चिप वापरायची तर आधी चिपवाल्याचं इव्हॅल्युएशन बोर्ड मागवायचं, त्यावर लिनक्स नीट बसतंय का बघायचं आणि मगच आपलं बोर्ड काढायला घ्यायचं, अशी रीत. दिवसातून वीस वेळा मेमरी कार्ड काढून लिहीत बसण्यापेक्षा आम्ही नेटवर्कवरून बूट करतो. बोर्डाला कार्ड नाही, डिस्क नाही. एक लॅनची (इथरनेटची) वायर आणि एक सिरीयलची, बोर्ड छापतं ती अक्षरं आपल्या पडद्यावर दाखवणारी.

चाचणीच्या वहीत तीन पोरं तीन तऱ्हांनी लिहितात. एक लिहितो 'उठलं'. दुसरा, घरी गुजराती बोलणारा, 'चालू पडलं'. तिसरा 'सपोर्ट आहे' किंवा 'चालतं'. मागच्या आठवड्यात एका बोर्डापुढे 'चालतं' वाचलं आणि मी पुढचं काम धरलं. प्रत्यक्षात यू-बूटनं, म्हणजे बोर्ड सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनं, कर्नल (लिनक्सचा गाभा) ओढून आणलं होतं, कर्नलनं पन्नासेक ओळी छापल्या होत्या आणि रूट फाइल सिस्टीम, म्हणजे बाकीच्या सगळ्या फाइलींचं घर, सापडत नाही म्हणून तिथेच मान टाकली होती. पोरगा म्हणतो, "अक्षरं आली ना? म्हणजे चालतंय." खोटं काही लिहिलं नव्हतं त्यानं.

तर 'बूट होणे' आणि 'सपोर्ट असणे' यांना नेमकं काय म्हणावं?

पर्वतीखालून (पुणे):
प्रारंभन आणि समर्थन. इव्हॅल्युएशन बोर्डला मूल्यमापन फलक. शब्द तयार आहेत, वापरायची लाज वाटते इतकंच.

गंजलेला स्क्रू (दांडिया बाजार, बडोदे):
फलक म्हटलं की मला 'येथे वाहने लावू नयेत' दिसतं. आणि समर्थन आम्ही उमेदवाराला देतो, तेही तोंडावर.

कमाटीबाग (बडोदे):
मी निवृत्त शिक्षक, मराठी आणि संस्कृत शिकवलं. यंत्रातलं फारसं कळत नाही, पण शब्दाचा उगम सांगतो. बूट म्हणजे पायातलाच बूट. उंच बुटाला मागे एक पट्टी असते, ती धरून बूट पायात ओढायचा. स्वतःच्याच बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलणं ही अशक्यप्राय गोष्टीची इंग्रजी थट्टा. यंत्राला सुरू व्हायला प्रोग्रॅम हवा आणि प्रोग्रॅम आत घ्यायला यंत्र सुरू हवं, या पेचाला तिथल्या लोकांनी हीच थट्टा लावली आणि पुढे तिचा 'बूट' एवढाच तुकडा उरला. आपल्याकडे शास्त्रचर्चेत याच पेचाला जुना दाखला आहे: नट कितीही कसबी असो, स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही.

आता सोल्डरवाल्यांच्या वहीतला पहिला मुलगा बघा. 'उठलं' हा शब्द त्यानं सहज वापरला, पण फार चांगला वापरला. मराठीत जागं होणं वेगळं, उठणं वेगळं. जागा झालेला माणूस तासभर लोळत पडू शकतो. उठलेला पायांवर असतो. शिवाय 'उठणे'ला 'उठवणे' असं प्रयोजक रूप आहे. नेटवर्कवरून जे होतं त्यात बोर्ड आपणहून उठतं, की त्याला दुसरं कुणी उठवतं?

सोल्डरवाला:
सर, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. जागं होणं आमच्याकडे खरंच वेगळं आहे. स्लीपमध्ये गेलेल्या लॅपटॉपची मेमरी शाबूत असते, तो जागा होतो. बूटमध्ये पाटी कोरी असते.

आणि हो, नेटवर्कवर उठवावंच लागतं. पंगतीचं उदाहरण देतो, नव्या पोरांनाही असंच सांगतो. वीज आली की चिपच्या रॉममधला इवलासा प्रोग्रॅम यू-बूटला हाक मारतो. हे सहसा बोर्डावरच्याच फ्लॅशमध्ये असतं, एवढं मात्र ज्याचं त्यानं करायचं. मग यू-बूट वायरवर ओरडतं, "मी कोण, माझा पाट कुठला?" हे विचारायची रीत आधी बूटपी होती, १९८५ सालची, आता डीएचसीपी. उत्तरात आयपी पत्ता मिळतो, वाढपी कोण ते कळतं आणि कोणती फाइल मागायची तेही. वाढायचं, म्हणजे फाइल पोचवायचं, काम टीएफटीपीचं. हा नियम १९८१ पासूनचा आणि वाढपी अगदी सरळमार्गी: मूळ रीतीत एका वेळी ५१२ बाइट वाढणार आणि "पोचलं" म्हटल्याशिवाय दुसरा घास देणार नाही. ८ एमबीचं कर्नल म्हणजे असे १६,३८४ घास. हल्ली घास मोठा मागता येतो, तो भाग वेगळा. यू-बूट प्रगती म्हणून पडद्यावर हॅशच्या रांगा काढतं, वाढपी फिरकला नाही तर टाइमआउटचा 'टी' छापतं. टी टी टी दिसलं की आमच्याकडे "चहा आला" म्हणतात. नव्या लॅपटॉपची फायरवॉल ६९ नंबरचा पोर्ट अडवून बसलेली असते, दहातल्या निम्म्या वेळा तेच.

वरणफळ (इंदूर):
मी मॅन्युअलं लिहिते, म्हणून विचारते. पंगत छान आहे, पण मग त्या 'चालतं' लिहिणाऱ्या मुलाचं बोर्ड मेलं कशानं? वायर ठीक, वाढपी ठीक, कर्नल पोटात गेलं. मग?

सोल्डरवाला:
ताई, खरी गंमत तिथेच आहे. वायर ओळखत होतं ते यू-बूट. त्याचा स्वतःचा इथरनेट ड्रायव्हर, म्हणजे वायरशी बोलणारा प्रोग्रॅम, असतो. कर्नलला ताबा दिला की यू-बूटचं काम संपलं, आणि कर्नलनं आपल्या ड्रायव्हरनं तीच वायर पुन्हा पहिल्यापासून ओळखायची. आमची रूट फाइल सिस्टीमही नेटवर्कवरच, एनएफएसनं, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरच्या फाइली वायरवरून वापरायच्या. त्या कर्नलमध्ये इथरनेटचा ड्रायव्हर आतच बांधायचा सोडून मॉड्यूल म्हणून, म्हणजे लागेल तेव्हा आत घ्यायची सुटी फाइल म्हणून, वेगळा ठेवला होता. मॉड्यूलची फाइल कुठे? रूट फाइल सिस्टीमवर. ती कुठे? वायरच्या पलीकडे. ज्या वायरवरून कर्नल आलं, तीच वायर त्याला दिसेना.

कमाटीबाग:
म्हणजे नट पुन्हा आपल्याच खांद्यावर चढायला निघाला.

सोल्डरवाला:
हो सर. ड्रायव्हर आत बांधून कर्नल पुन्हा काढलं, सुटलं. अक्कल आली, दोन दिवस मोजून.

वरणफळ:
मग माझं मत ऐका. घोळ 'बूट'मध्ये नाही, 'सपोर्ट'मध्ये आहे. सपोर्ट हे नाम आहे, असतो किंवा नसतो. आधार काय, समर्थन काय, कोणतंही नाम आणलं तरी तेच होणार. इंग्रजी मॅन्युअलांतही 'सपोर्टेड' वाचून लोक फसतात: बोर्ड यादीत असतं, सिरीयल चालते, पण वायफाय नाही, एचडीएमआय नाही. मराठीत नाम सोडा, क्रियापदं घ्या. ओळखतं, उठतं, चालतं. कर्नल चिप ओळखतं का? ओळखून लॉगिनपर्यंत उठतं का? उठल्यावर इथरनेट, यूएसबी, आवाज यातलं काय काय चालतं? हे तीन वेगळे प्रश्न आहेत.

गंजलेला स्क्रू:
'चालू पडलं' सोडू नका हो. 'बंद पडलं' म्हणायला चालतं, मग 'चालू पडलं' म्हटलं की पुण्याला का दुखतं?

पर्वतीखालून:
दुखत नाही, कानाला खटकतं. पण क्रियापदांचा मुद्दा पटला. प्रारंभन मागे घेतो, फलकही. तरी इव्हॅल्युएशन बोर्डला काहीतरी हवंच. नेटबीएसडी या लिनक्ससारख्याच ऑपरेटिंग सिस्टीममध्ये तर अशा बोर्डांच्या आवृत्त्यांची नावंच 'ईव्हीबी'नं सुरू होतात: ईव्हीबीआर्म, ईव्हीबीमिप्स, ईव्हीबीपीपीसी. म्हणजे हा सटरफटर शब्द नाही.

धान्यवाला (बडोदे):
वानगी! आमच्या धंद्यात पोत्यातून मूठभर दाणे काढून गिऱ्हाइकाला पारखायला देतात, ती वानगी. सगळी चिप घेण्याआधी पारखायला दिलेलं बोर्ड म्हणजे वानगीच की. 'वानगीदाखल' अजून सगळे म्हणतात.

गंजलेला स्क्रू:
काका, अर्थ सोन्यासारखा आहे, पण गाव चुकलं. इथल्या गुजराती माणसाला वानगी म्हणजे खायचा पदार्थ. कपाटावर 'वानगी' लिहिलं तर आत हांडवो शोधतील.

कमाटीबाग:
हा तंटा या गावाला नवा नाही. १८९० साली इथे कलाभवन निघालं तेव्हा रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम देशी भाषांतून शिकवायचं ठरलं होतं, आणि शब्दांची पंचाईत तिथपासून आहे. पुढे १९३१ साली सयाजीराव महाराजांच्या दरबारानं 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' काढला. त्यात कारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे पर्याय शेजारी शेजारी मांडलेत. मला त्यातली मांडणीच आवडते. या गावात शब्द एकट्या मराठीच्या कानानं निवडून भागत नाही, शेजारच्या रकान्यात तो काय होतो हेही बघावं लागतं. वानगी तिथेच अडते. धान्यवाल्यांनी राग मानू नये.

धान्यवाला:
राग कसला सर. हांडवो चांगला असतो.

सोल्डरवाला:
आज वही बदलली. आता पाच रकाने: 'वायरवर बोलतं', 'कर्नल उतरलं', 'ओळखतं', 'उठतं', 'चालतं'. शेवटच्या रकान्यात काय चालतं ते नाव घेऊन लिहायचं, नुसती बरोबरची खूण मान्य नाही. 'सपोर्ट' वहीतून हद्दपार. गुजराती पोराला विचारलं, पाचही शब्द त्याला कळले. फक्त 'उठतं'च्या खाली त्यानं कंसात 'चालू पडे छे' लिहून ठेवलंय. राहू दिलं. कपाटावर तूर्त 'नमुना बोर्ड' आहे.

वरणफळ:
आणि जे कुठेच उठत नाही, रॉमच गेलेलं?

सोल्डरवाला:
त्याला पोरं 'वीट' म्हणतात, ताई. इंग्रजीतून उचललेलं आहे, पण इथे कुणाला शिकवावं लागलं नाही. अशा चार विटा खिडकीत आहेत, एकीखाली पंख्यानं उडणारे कागद असतात.