राणीछाप रुपया बाद झाला, तरी गावकरी तोच का मागत होते?

रामबागचा नातू, इंदूर

गणपतीत माळा आवरताना पणजोबांची लांबट वही सापडली. होळकरशाहीत सांवेरकडच्या एका गावी ते शाळामास्तर होते, आणि गावचं पोस्टही त्यांच्याच गळ्यात. वही मोडीत. मला मोडीत स्वतःचं आडनाव वाचता येत नाही. ओळखीच्या एका काकांनी चार रविवार घालवून ती वाचून दिली, बदल्यात माझ्याकडून सराफ्यात भुट्ट्याचा कीस वसूल केला.

बहुतेक मजकूर कंटाळवाणा आहे. तिकिटं, शाई, कुणाची पाटी फुटली. पण शके 1864 च्या चैत्र वद्यात, म्हणजे 1942 च्या एप्रिलात, सूर बदलतो. एका म्हातारीला फौजेतल्या मुलाची पंधरा रुपयांची मनीऑर्डर आली. नोंद अशी: "नोट घेत नाही. राणीछाप मागते. समजाविले. रडली. तशीच गेली." तीन दिवसांनी आणखी एक, मग आणखी दोघे. त्यातल्या एकाच्या नावापुढे लिहिलंय: "म्हणतो, उद्या जपान आला तर हा कागद मास्तर तुम्ही घ्याल काय?" पणजोबांनी काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही. काहीच दिलं नसणार. त्यांचा पगार तरी कुठे चांदीत होता!

माझं अडतं ते इथे. राणीछाप म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया, आणि तो 31 मार्च 1941 नंतर चलनातून बाद झाला. मग वर्ष उलटून गेल्यावर ही माणसं बाद झालेलंच नाणं का मागत होती? अडाणी होती म्हणून सोडून द्यायला मन घेत नाही. जाणकारांनी सांगावं.

जुना लष्करवाला, ग्वाल्हेर

अडाणी कसली हो, म्हातारीला चांगलं कळत होतं. राणीछाप म्हणजे 11.66 ग्रॅम, बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. 1940 साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. माझ्याकडे दोन्ही आहेत. फरशीवर टाकून बघा, राणीछाप खणखणतो आणि चाळीसचा बद्द वाजतो. गावातल्या माणसाला वर्तमानपत्र नको, कान पुरे.

बाद झाला तो शिक्का, चांदी थोडीच बाद होते? शिवाय क्रम बघा. 1941 ला राणी गेली, 1942 च्या मेअखेर एडवर्ड गेला, 1943 च्या एप्रिलअखेर जॉर्जचे अस्सल चांदीचे रुपयेही गेले. सरकार दरवर्षी एकेका राजाचं नाणं बाद करतंय आणि हातात कागद ठेवतंय. त्याआधी जून 1940 मध्ये, फ्रान्स पडल्यावर, लोक नोटा मोडायला धावले तेव्हा गरजेपेक्षा जास्त रुपये जमवणं गुन्हा ठरवलं, आणि पाठोपाठ एक रुपयाची नोट काढली. जमवू नका म्हटल्यावर आपला माणूस काय करणार? आणखी हातभर खोल पुरणार.

हिशेबी, देवास

सगळं 'सरकारवरचा अविश्वास' या खात्यावर टाकू नका. पंधरा रुपये म्हणजे बहुधा दहाची एक आणि पाचाची एक नोट. त्या गावात दहाची नोट मोडून कोण देणार होतं? चिल्लरीचा दुष्काळ इतका की 1943 पासून पैशाच्या मधोमध भोक पाडून तांबं वाचवावं लागलं. वाणी नोट घेणार, पण बट्टा कापून, म्हणजे नोटेवरच्या किमतीपेक्षा कमी देऊन. म्हातारी विलायतेला नाही, वाण्याला घाबरली असेल.

दांडिया बाजारची मावशी, बडोदे

हिशेबीभाऊ, वाण्याचं खरं, पण वाणी तरी बट्टा का कापायला लागला? नातवा, तुझ्या वहीतली तिथी बघ. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून, आणि 6 एप्रिलला विशाखापट्टणम नि काकीनाड्यावर बॉम्ब पडले. तुझं चैत्र वद्य तेच दिवस. आमच्या बडोद्याकडे रंगूनहून परतलेली गुजराती कुटुंबं होती. दुकानं टाकून आलेली. आजी सांगायची, त्यांच्याकडे बघून आजोबांनी पोस्टातलं पुस्तक रिकामं केलं. सयाजीराव जाऊन तीनच वर्षं झालेली. 'आता विचारायचं कुणाला?' हे आजीचं वाक्य, लढाईबद्दलचं तेवढंच.

आणि सरकार म्हणजे नेमकं कोण, हाही घोळच. सांवेरच्या माणसाला इंदूर लांब, इंदूरला दिल्ली, दिल्लीच्या वर आणखी कुणी. व्हाइसरॉय लिनलिथगोंनी 1939 मध्ये हिंदुस्थान लढाईत उतरल्याचं जाहीर केलं तेव्हा इथल्या कुठल्या पुढाऱ्याला विचारलं होतं? तुमच्या यशवंतराव होळकरांनीच 1942 मध्ये रूझवेल्टना उघडं पत्र लिहून इंग्रज-हिंदी तंटा मिटवायला मध्ये पडा म्हटलं. महाराजाला दाद मागायला अमेरिका गाठावी लागते, तर म्हातारीने मास्तरांपुढे रडावं नाहीतर काय करावं?

रामबागचा नातू, इंदूर

मावशी, ती तिथी माझ्या डोक्यातच आली नव्हती. काल काकांकडे पुन्हा वही घेऊन गेलो. आधी आम्ही 'नोट घेत नाही' एवढंच शोधत होतो, 'घेतली' कडे लक्षच नव्हतं.

वैशाखात नोंद आहे: "आज सात असामी आल्या. नोट साऱ्यास चालते काय पुसले. चालते म्हणताच सातांनीही घेतल्या." म्हणजे शेतसाऱ्याचा (नोंदीतला 'सारा' तोच) हप्ता भरायचा तो सरकारच्याच कागदाने, आणि घरातली राणी चुलीखालीच! लष्करवाले काका, तुमचं पारडं जड झालं.

पण हिशेबीभाऊ पूर्ण हरले नाहीत. म्हातारीची ती मनीऑर्डर मुदत संपून मुलाकडे परत गेली होती. ज्येष्ठात दुसरी आली, पुन्हा पंधरा रुपये. यावेळी अंगठा आहे आणि पुढे 'घेतले'. त्याच्या आधी एक शब्द आहे, तो काकांनाही लागत नाही. 'बट्ट्याने' असेल असं त्यांना वाटतं, पण शाई पसरली आहे. फोटो टाकतोय, मोडीवाल्यांनी जरा बघा.